गोंडा वाजला की काढायचा

लोणी,
५ नोव्हेंबर २०२४

आक्का,

पाया पडतो, पण रागानं पडतो हे आधीच सांगतो.

मला कळायला लागल्यापासून तुझ्या ओवाळण्यावाचून एकही भाऊबीज गेली नव्हती. परवा गेली. सूनबाईनं, म्हणजे आरतीनं, सकाळीच पाट मांडून ताट तयार ठेवलं होतं. मी नवं धोतर नेसून दिवसभर अंगणात येरझाऱ्या घातल्या. संध्याकाळी आरती म्हणाली, "नाना, आता जेवून घ्या, आत्याबाई न्हाई येत." दुसऱ्या दिवशी बेल्ह्याच्या बैलबाजारातून संपत टेम्पो घेऊन आला. तुझ्या दादाभाऊनं दिली म्हणून एक पिशवी ओट्यावर टेकवली आणि गेला. पिशवीत साठ कांदे. चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

आईची रीत मी तुला सांगायची म्हणजे नातवानं आजीला ओव्या शिकवाव्यात तसं आहे. पण तू विसरलेली दिसतेस, म्हणून सांगतो. कांद्याचं बी लावलं की पहिल्या साली कांदा होतो. तोच कांदा पुढच्या साली पुन्हा जमिनीत लावला की त्याला डेंगळा येतो, डेंगळ्याच्या टोकाला गोंडा फुलतो आणि गोंड्यात बी धरतं. म्हणून आईनं वाटणी करून दिली. बियांचा कांदा तू करायचास, कांद्याचं बी मी करायचं, आणि दर भाऊबीजेला ज्याच्याकडे जे असेल ते त्यानं दुसऱ्याला द्यायचं. गेल्या साली मी बी दिलं. यंदा तुझी पाळी होती, आणि दर खेपेला दोन गोण्या येतात.

साठांतले दोन सडके निघाले. म्हणजे आईचा तो चपटा, तिखट, दुहेरी पापुद्र्याचा कांदा या जगात आता अठ्ठावन्न उरलाय. डब्यातलं जुनं बी असून नसल्यासारखं. कांद्याचं बी वर्षाच्या वर धड उगवत नाही, हे तूच सांगायचीस.

त्यात ओढ्यापलीकडे रामनाथनं कुठल्या कंपनीसाठी पांढऱ्या कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट धरलाय. माश्यांच्या पेट्याही आणणार म्हणतो. मला चैन पडत नाही. तुला फोन करतो तर तू "हां हां, बरं हाय" म्हणून ठेवून देतेस. माझं काय चुकलं ते तरी सांग. पत्र संपतच्या हाती देतोय, तो दर बाजाराला तिकडे येतोच.

तुझा
गेणू

*

बेल्हे,
१२ नोव्हेंबर २०२४

गेणू,

आशीर्वाद. एसटीत कंडक्टर होतास तेव्हा माणसं मोजायचास, आता कांदे मोजतोस. सवय जात नाही.

पावसाळ्यात कांद्याच्या चाळीवरचा पत्रा सरकला आणि पाणी आत शिरलं. आम्हाला कळलं तेव्हा खालचा थर सडला होता, वरचा सडायला लागला होता. ते साठ मी एकेक दाबून, वास घेऊन वेचलेत. मला तरी कुठं बरं वाटतंय? गुडघा धरला होता म्हणून आले नाही. फोन बिघडलाय. काय ते लिहीत जा.

लावलेस का? लावण्याआधी प्रत्येकाचा वरचा तिसरा हिस्सा काप. मधे एकच डोळा दिसला तर तो कांदा खरा. दोन-तीन डोळे दिसले तर एरवी बाजूला ठेवायचा, पण यंदा निवड करायची चैन नाही, सगळेच लाव. कापलेले तुकडे पिठल्यात घालून खा. डोळ्यांना पाणी आलं तर समज, कांदा आईचाच आहे.

रामनाथच्या प्लॉटचं हलक्यावर घेऊ नकोस. माशीला आपला-परका कळत नाही. ती पांढऱ्यावर बसेल आणि तशीच उडून आपल्यावर येईल. कांदा यंदा तसाच दिसेल, पण बी बाटेल, आणि ते पुढच्या साली माझ्या वाफ्यात उघडं पडेल. फुलं उमलायच्या आत काहीतरी करून झाक.

आक्का

*

लोणी,
२१ जानेवारी २०२५

आक्का,

अठ्ठावन्नांतले एक्कावन्न उगवले आणि आता डेंगळे माझ्या कमरेला लागलेत. दिवसातून पाच वेळा जाऊन बघतो. आरतीचा ऋतिक म्हणतो, "नाना, बघून का ते लवकर येणारंय?" मी म्हणतो, तू पाळण्यात होतास तेव्हा तुलाही असाच बघायचो.

झाकायला काय आणलं सांगू? मच्छरदाण्या. आरतीच्या माहेरून लग्नात आलेली एक आणि आमच्या म्हातारीची जुनी एक. दोन्ही जोडून, चार बांबू रोवून, खाली माती ओढून पक्कं केलं. आरती आधी गाल फुगवून बसली होती, पण मग तीच सुई-दोरा घेऊन आली. शहाणी पोर आहे, बारावी शास्त्र शिकलेली. एकच खोड आहे, तोंडातल्या तोंडात पुटपुटते, आणि मी टीव्ही लावला की आवाज कमी करून जाते. मी वाढवतो. असं दिवसभर चालतं आमचं.

गोंड्यांवरचा पातळ पापुद्रा फाटलाय आणि आत पांढऱ्या कळ्या खच्चून दिसतात. रामनाथच्या पेट्यांतल्या माश्या जाळीवर डोकी आपटून परत जातात. एकही आत गेली नाही, शपथेवर सांगतो.

दादाभाऊला फोन केला होता. "आई बरी हाय, मामा" एवढंच म्हणाला आणि म्हशीला पाणी दाखवायचंय म्हणाला. तुमच्या घरात सगळ्यांनीच मौन धरलंय का?

गेणू

*

बेल्हे,
२८ जानेवारी २०२५

अरे शहाण्या,

माशी आत गेली नाही म्हणून मिरवतोस काय? माशी नाही तर बी नाही. नवरीला कोंडून वर कुलूप लावलंस आणि आता पाळणा कधी हलतो म्हणून वाट बघतोस! चूक माझीच. झाक म्हणून लिहिलं, पुढचं लिहायचं राहिलं. मनात होतं की पुढचं येऊन दाखवीन.

आता नीट वाच आणि तसंच कर. बहात्तरच्या दुष्काळात माश्याच नव्हत्या, तेव्हा आईनं हातानं केलेलं मी पाहिलंय.

एका गोंड्यात शेकड्यानं फुलं असतात आणि ती एकदम उमलत नाहीत, रोज थोडी थोडी, पंधरा-वीस दिवस. प्रत्येक फुलातला नर आधी जागा होतो. त्याची पिवळी पूड सांडून जाते, आणि मग दोन-तीन दिवसांनी मधली मादी तयार होते, तोवर स्वतःची पूड संपलेली असते. म्हणून एका फुलाचं त्याच फुलाला चालत नाही. आजच्या फुलाची पूड परवा उमललेल्या फुलाला न्यायची, या झाडाची त्या झाडाला. दव उडाल्यावर, दहाच्या सुमाराला, कोरड्या तळहातानं एक गोंडा हलके कुरवाळायचा, तोच हात पुढच्यावर फिरवायचा. पुढच्याचा त्याच्या पुढच्यावर. रोज, एकही दिवस न चुकता. हात धुऊन कोरडा कर, तंबाखूचा हात लावलास तर बघ.

घाई करू नकोस. तुझ्या अंगात घाईच फार.

आक्का

*

लोणी,
२५ फेब्रुवारी २०२५

आक्का,

तंबाखू सोडली. तुझ्या धाकानं नाही, गोंड्यांच्या धाकानं.

रोज दहाला मच्छरदाणीत शिरतो आणि अकराला बाहेर येतो. तळहात पिवळा, डोक्याला जाळी अडकलेली. रस्त्यावरून जाणारे थांबतात. रामनाथ तर बांधावर येऊन म्हणाला, "काय राव, कांद्याची हळद लावताय का?" मी म्हटलं, तुझ्याकडं पेट्या भरून वऱ्हाडी हायेत, आमच्याकडं मीच एकटा. तो हसला, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन जाळीचा सुटलेला कोपरा मातीनं दाबून गेला.

पहिले आठ दिवस काहीच दिसेना. मी वेडापिसा झालो होतो. मग एका सकाळी आरतीनं एका फुलाच्या पोटावर बोट ठेवून दाखवलं. तिथं हिरवी गाठ फुगली होती, तीन खणांची, ज्वारीच्या दाण्याएवढी. आता सगळीकडे फुगल्यात. आक्का, एवढ्या वर्षांत मी बी काढलं, पोत्यात भरलं, पण ते धरताना कधी पाहिलंच नव्हतं. ते माश्यांचं काम होतं आणि पुढचं तुझं.

तर आता पुढचं. दर बियाच्या साली मार्च संपता संपता तू येतेस, एकेक गोंडा कानाशी धरून हलवतेस, आणि "हा काढ, हा ठेव" म्हणतेस. मी फक्त पोतं धरून तुझ्यामागं फिरतो. यंदा कधी येतेस ते कळव. ऋतिक गाडी घेऊन न्यायला येईल, गुडघ्याला त्रास नको.

गेणू

*

लोणी,
२३ मार्च २०२५

आक्का,

माझ्या पत्राला महिना होत आला. तीन बाजार झाले, तिन्ही वेळा संपत रिकाम्या हातानं आला. तिसऱ्या वेळी मी त्याच्यावरच ओरडलो, बिचाऱ्याचा काय दोष?

आता मनात आहे ते सगळं लिहितो. तुला हा कांदा नकोसा झालाय. आधी चाळ सडू दिलीस, मग भाऊबीज टाळलीस, आता गोंडे पिकायला आले आणि तू बेल्ह्याला बसून आहेस. नको असेल तर तसं सांग, पण मला असा टांगणीला ठेवू नकोस. दोन महिने मी माशी होऊन फिरलोय. रात्रीची झोप गेलीय, जेवणावर वासना नाही, हातात काही धरलं तर ते कुठं ठेवलं ते आठवत नाही.

देठ पिवळे पडलेत. दुपारचा वारा सुटतो आणि गोंडे हलायला लागतात. पश्चिमेला ढग जमतात आणि पांगतात. एक गारांचा पाऊस झाला तर संपलं. लवकर काढलं तर बी पोचट, उशिरा काढलं तर मातीत. कधी काढायचं? तू मला हे कधी शिकवलंच नाहीस. मीही कधी विचारलं नाही, ते खरं. पण आता विचारतोय.

गेणू

*

बेल्हे,
३१ मार्च २०२५

गेणू,

तू रागानं लिहिलंस आणि बरोबर लिहिलंस. मी खोटं बोलले. गुडघा ठणठणीत आहे. फोनही चांगला आहे.

माझे कान गेले. मागच्या उन्हाळ्यापासून कमी होत होते, पावसाळ्यात पार बसले. नारायणगावच्या डॉक्टरनं शीर सुकली म्हणून सांगितलं. मशीन लावलं तर नुसतं पाणी पडल्यासारखा घूं आवाज येतो, शब्द एक येत नाही. तुझा फोन आला की मी अंदाजानं "हां हां, बरं हाय" म्हणून ठेवून देते. दादाभाऊला मीच शपथ घातली होती.

चाळीचंही खरं सांगते. ज्या दिवशी पत्रा सरकला त्या दिवशी मी चाळीपासून दहा पावलांवर लसूण सोलत बसले होते. भर दुपारी. पत्रा वाऱ्यानं सारखा आपटत होता म्हणे, वस्तीवरच्या बायकांनी दुरून ऐकला. मी नाही ऐकला. आईच्या दोन गोण्या माझ्या पाठीमागं भिजत होत्या आणि मी लसूण सोलत होते. ती बोच जात नाही रे.

भाऊबीजेला आले असते तर तुम्ही सगळे बोलला असता आणि मी वेड्यासारखी हसत राहिले असते. ते मला नको होतं. कधी येतेस म्हणून तुझं पत्र आलं, तेव्हा परसात बाजारच्या कांद्याचा एक वाळका गोंडा होता तो कानाशी धरून हलवला. काही नाही. मग दातात धरून हलवला. काही नाही. आता मी येऊन काय ऐकू? पोतं धरायला तर तू आहेसच.

म्हणून लिहून शिकवते. कच्चा गोंडा मुका असतो. पिकायला लागला की बोंडं तडकतात आणि आतलं काळं बी सुटं होतं. कानाला लावून हळूच हलव. पोहे भाजताना शेवटी शेवटी कढईत कसे खुळखुळतात, तसा बारीक आवाज आला की त्याच घटकेला काढ. उन्हाच्या आधी, सकाळी. खाली फडकं धर. सगळे एका दिवशी पिकत नाहीत, रोज फेरी मार. मोठ्यानं वाजायला लागला तर उशीर झाला म्हणून समज.

मला कांदा नकोसा झाला, असं पुन्हा लिहू नकोस.

आक्का

*

लोणी,
९ एप्रिल २०२५

आक्का,

तुझं पत्र वाचून मी गोठ्यात जाऊन रडलो, आणि लगेच गोंड्यांकडे गेलो. रडायला तिथं वेळ नव्हता.

तू लिहिलंस तसंच केलं. कानाशी धरला, हलवला. मुका. दुसरा मुका. तिसराही मुका. म्हटलं अजून कच्चे आहेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मुके. डावा कान, उजवा कान. सहा दिवस सकाळ-संध्याकाळ मी एक्कावन्न झाडांच्या गोंड्यांना विचारत फिरलो आणि एकही बोलायला तयार नाही. म्हटलं माझ्या हातात गुण नाही, आत बीच धरलं नसेल.

सातव्या दिवशी आरती चहा घेऊन आली. मी गोंडा कानाशी धरून उभा. तिनं हातातून घेतला, स्वतःच्या कानाशी नेऊन हलवला. मग माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाली, "नाना, ह्यो तर लई वाजतोय! सगळंच वाजतंय. खाली बघा की, बी सांडलंय!"

खाली बघितलं. काळ्या मातीवर काळं बी. मी सहा दिवस त्याच्यावरच उभा होतो.

आक्का, गोंडे मुके नव्हते. तीस वर्षं एसटीच्या खडखडाटात घंटी मारली, त्यात माझे कान कधी गेले मलाच कळलं नाही. आरती पुटपुटत नव्हती. टीव्हीचा आवाज उगाच कमी करत नव्हती. संपत तेवढा माझ्याशी ओरडून बोलतो, म्हणून मी त्याला भांडकुदळ म्हणायचो. तू निदान चाचपून पाहिलंस, दातात धरून पाहिलंस. मी तर त्या मुक्या जिवावरच खापर फोडत होतो, आणि तुझ्यावरही.

त्याच घटकेला आरतीनं पदर खोचला. तिनं ऐकायचं, मी कापायचं, ऋतिकनं फडकं धरायचं. ऊन चढेपर्यंत सगळं काढलं. किती सांडलं देव जाणे, पण आहे. तीन गोंडे अजून हिरवे आहेत, ते उशिरा फुललेले, ते ठेवलेत. ते तुझे. येत्या रविवारी ऋतिक गाडी घेऊन येतोय, नाही म्हणू नकोस. दोन बहिरे एका बांधावर बसले तर निदान भांडण तरी होणार नाही.

गेणू

*

बेल्हे,
२८ एप्रिल २०२५

गेणू,

काल संध्याकाळी पोचले. पंधरा दिवस राहिले तुझ्याकडे, आणि आता पत्र लिहायला बसले, कारण आपल्याला समोरासमोर नीट बोलता येत नाही हे तिथं कळलं. तू ओरडायचास, मी हातवारे करायचे, आणि आरती हसून हसून खाली बसायची.

त्या तीन गोंड्यांचं मात्र लिहायचंय. आरतीनं गोंडा स्वतःच्या कानाशी धरला आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. पहिल्या दिवशी तिनं मान हलवली, नाही. दुसऱ्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी तिनं मनगट दाबलं आणि मी विळा घातला. गेणू, मला काही ऐकू आलं नाही, पण ऐकू आल्यासारखंच झालं. माझ्या सासरी-माहेरी हे कुणाला तरी शिकवायला हवं होतं, ते सुचलंच नव्हतं मला. कान माझेच राहतील असं धरून चालले होते.

दीड वाटी बी. आरतीनं वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले होते ना, त्यांतल्या पंधरांना मोड आल्याचं तिनं मला बोटं मोजून दाखवलं. पुष्कळ झालं. राखेत घोळून, कोरड्या बरणीत, चुलीपासून लांब ठेव.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा मी आईला म्हटलं होतं, मला कांदेही दे आणि बीही दे, म्हणजे माझं मी करीन, दर साली यायची कटकट नको. आई चुलीपुढं होती. वळूनही न बघता म्हणाली, "दोनी तुला दिलं तर तू कशाला येशील गं? आन् त्यो तरी कशाला येईल?" मला तेव्हा राग आला होता. कांदा राखायला म्हणून तिनं वाटणी केली, असं तू समजत आलास. तिला राखायचं होतं ते आपल्या दोघांना. आणि मीच ती भाऊबीज मोडली, तीही कान गेले या लाजेपायी.

तर यंदा भाऊबीजेला ते बी संपतच्या टेम्पोत ठेवू नकोस. बरणी घरातच असू दे, पाट मांडून ठेव. मी न्यायला येते.

आक्का